चरबीत साठलेले दिवस

तवंदीचा घाट उतरून बस निपाणीच्या दिशेने लागली की बसमध्ये कोणीतरी शिंकतं. माघ महिना असेल तर हमखास. रानात कापलेल्या तंबाखूची पानं उन्हाला पसरलेली असतात, ताडपत्री बांधलेल्या ट्रॉल्या रस्ता अडवून डुलत चाललेल्या असतात, आणि खिडकीतून तो उग्र, गोडसर, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा वास आत येतो. पहिली शिंक नेहमी परक्या माणसाची. तो बिचारा रुमाल शोधत असायचा, आम्ही गाववाले एकमेकांकडे बघून गालात हसायचो आणि निपाणी आली म्हणून कंडक्टर कानडीत पुकारायचा, "निप्पाणी बंतु, निप्पाणी." यंदा पहिली शिंक माझी होती. शेजारी बसलेली कॉलेजची मुलगी माझ्याकडे बघून गालात हसली, आणि कंडक्टरने मला पाहुणी समजून स्टँड कुठे येतं ते नीट समजावून सांगितलं. मीही मान डोलावून ऐकून घेतलं.

नाक परकं झालं ते नोकरीमुळे. गोव्याच्या बाजूला, समुद्रकाठच्या एका प्रयोगशाळेत मी डॉल्फिनच्या चरबीवर काम करते. हे असं सरळ सांगितलं की समोरचा गप्प होतो, म्हणून लग्नकार्यात कोणी विचारलं तर मी "लॅबमध्ये असते" एवढंच म्हणते. लोक रक्त-लघवीची लॅब समजून समाधान पावतात. एका मावशींनी तर तिथंच पर्स उघडून थायरॉइडचा रिपोर्ट माझ्या हातात दिला होता. मेलेला डॉल्फिन किनाऱ्याला लागला की आम्हाला फोन येतो, आणि आम्ही डबे, सुऱ्या, बर्फ घेऊन धावत सुटतो. त्या वासाची मला इतकी सवय झाली आहे की तिथून परत येताना मी गाडीत बसून आरामात वडापाव खाते. एका वासाशी जमवून घेताना दुसरा हातचा गेला, असं आता वाटतं.

काम काय, ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. प्राणी घाबरला की त्याच्या रक्तात ताणाचं द्रव्य चढतं आणि भीती सरली की उतरतं. म्हणजे रक्त फक्त आत्ताचं सांगतं. चरबीचं तसं नाही. तिच्यात आठवड्यांचं, महिन्यांचं जिरून राहतं. ताण रोजचाच झाला की त्या चरबीतल्या पेशींच्या आत एक वेगळीच गोष्ट घडू लागते. जनुकं तीच राहतात, जन्माला येताना मिळालेली, पण त्यांचं कामकाज बदलतं. कुठली जास्त राबायला लागतात, कुठली गप्प बसतात. लग्नघरात सगळी माणसं मांडवात राबायला लागली की परसातल्या म्हशीला पाणी दाखवायचं राहून जातं ना, तसं काहीसं. आलेला दिवस निभावून नेणारी कामं जोरात चालू, आणि डागडुजीची, वाढीची, आजाराशी झुंजायची कामं मागे पडलेली. बाहेरून बघावं तर प्राणी धडधाकट. पोहतोय, उसळतोय, पर्यटक टाळ्या वाजवताहेत.

जनुक काय काम करतंय ते कळतं त्याने पेशीत धाडलेल्या चिठ्ठ्यांवरून. या चिठ्ठ्या फार नाजूक असतात. प्राणी मेला की बघता बघता विरघळायला लागतात. आम्ही वेळेत पोचलो तर वाचता येतात. उशिरा पोचलो तर चरबी हाती लागते, पण तिच्यात वाचण्यासारखं काही उरलेलं नसतं. माझ्या नोकरीतली निम्मी हळहळ या उशिराची आहे.

घरी आक्का असते. माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. बाबा मला आठवतही नाहीत. आई तंबाखूच्या वखारीत चाळणीला होती. कुटलेली तंबाखू मोठ्या चाळणीतून चाळायची, भुकटी वेगळी, देठ वेगळे. नाकातोंडाला फडकं गुंडाळून बायका ओळीने बसत आणि जिची तिची जागा ठरलेली असे. आई दमली तेव्हा आईच्या जागेवर आक्का बसायला लागली. तिथे तशीच रीत होती. आईची जागा लेकीला किंवा सुनेला, मुकादमालासुद्धा त्यात बोलता यायचं नाही. वखारीची साडी वेगळी असायची. ती घरात आणायची नाही, मागच्या दारी कडुलिंबाच्या खोडाला मारलेल्या खिळ्यावर टांगायची. तिचा मूळ रंग काय होता हे कोणालाच सांगता आलं नसतं. संध्याकाळी मागच्या दारी तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज आला की मला कळायचं, आक्का आली. आंघोळ होऊन ती पुढच्या दाराने घरात यायची, बुद्धाच्या तसबिरीपुढची उदबत्ती लावायची आणि मग मला जवळ घ्यायची. उदबत्तीच्या वासाखाली तंबाखूचा वास असायचाच. मला तो आक्काचाच वास वाटायचा.

तो वास घेऊनच मी बेळगावच्या हॉस्टेलवर गेले. पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मुलीने माझी बॅग बाहेर व्हरांड्यात ठेवशील का, असं विचारलं. फार गोड आवाजात विचारलं, त्यामुळे मला भांडताही आलं नाही. सुट्टीत घरी जाऊन मी हे आक्काला रडत रडत सांगितलं. त्यानंतर माझे कपडे ती शेजारच्या मालनकाकूंच्या घरी ठेवायला लागली. मालनकाकूंचे यजमान शाळेत शिपाई होते, त्यांच्या घरात तंबाखू नव्हती. हा पहिला धडा मी तिला दिला. माझ्यापाशी येताना काय लपवायचं असतं, ते तिला त्या दिवशी कळलं.

दुसरा धडा आई गेली तेव्हा. आई छातीच्या दुखण्याने गेली. शेवटचे महिने ती उशाला रेलून बसल्या बसल्याच झोपायची. मी तेव्हा नुकतीच शिकून बाहेर पडले होते, दोन पुस्तकं वाचून शहाणी झाले होते, आणि दुःखाने माझ्या शहाणपणाला धार आली होती. आईचं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले, आणि मी आक्काला म्हणाले, की तू त्या वखारीत परत पाय ठेवलास तर मी या घरात पाय ठेवणार नाही. आक्का भांडी विसळत होती. तिने मान वर न करता "बरं" म्हटलं. बस, एवढंच. मला वाटलं, काम झालं.

त्यानंतर अकरा वर्षं मी त्या "बरं"वर विसंबून राहिले. आक्काने सांगितलं की ती आता बचत गटात जाते, पापड लाटते. मी येणार असले की आदल्या रविवारी फोन करायचे. घर लख्ख असायचं. आक्का विहारात पौर्णिमेला नेसायची ती पांढरी साडी नेसून दारात उभी असायची, केस धुतलेले, अंगाला साबणाचा वास. कडुलिंबाचा खिळा रिकामा. निघताना ती माझ्या पिशवीत पापडांचं पुडकं घालायची आणि मी ते लॅबमध्ये मिरवायचे, माझ्या आक्काच्या हातचे म्हणून. आमचे सर तर ते भाजून दुपारच्या चहाबरोबर खायचे आणि अशी चव बाजारात मिळत नाही म्हणायचे. बाजारातलेच होते ते, स्टँडजवळच्या दुकानातले. हे मला गेल्या वर्षी कळलं. सरांना मी अजून सांगितलेलं नाही.

दिसत नव्हतं असं नाही. तिच्या बोटांची टोकं तपकिरी असायची. मी विचारलं तर मेंदी लावली होती म्हणाली. आमच्या घरात मेंदीची हौस कोणाला होती? मी आले की दुसऱ्या दिवशी तिचं डोकं हटकून दुखायचं, पित्त व्हायचं, मी गोळी द्यायचे. एका फेरीत तिला डॉक्टरांकडे नेलं तेव्हा रक्तदाब वाढलेला निघाला, आणि मी मनातल्या मनात त्या जुन्या वखारीला शिव्या दिल्या. झोप लागत नाही म्हणाली, त्यालाही वखारच कारण. कातडीखालचा बोटभर तुकडा बघून डॉल्फिनचे गेले महिने कसे गेले असतील ते सांगणारी मी बाई, समोर बसलेल्या बहिणीची बोटं वाचू शकले नाही.

एकदा मी तिला समुद्र दाखवायला नेलं. तिने समुद्र तोवर टीव्हीवरच पाहिलेला. आमच्या ओळखीच्या एका मच्छीमाराच्या होडीतून आम्ही सकाळी निघालो. ती दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून बसली होती आणि होडी डोलली की माझ्याकडे बघून उगीच हसत होती. पुढे डॉल्फिनचा एक कळप दिसला. त्यांच्याभोवती पर्यटकांच्या बोटींनी कोंडाळं केलेलं होतं. बोट जवळ गेली की ते एकमेकांना खेटून यायचे, बुडी मारायचे, नेहमीपेक्षा जास्त वेळ खाली राहायचे आणि लांब कुठेतरी वर यायचे. लोक ओरडत होते, बघा कसे खेळतात. आक्का बराच वेळ बघत राहिली. मग तिने हळूच विचारलं,

"तुमी नसताना ती कशी असत्यात, ते तुमाला कसं कळतं गं?"

इतका नेमका प्रश्न मला आजवर कुठल्या परिषदेत कोणी विचारलेला नाही. मी खूश होऊन सगळं समजावून सांगितलं. आमची होडी गेली की तिच्याच आवाजाने ते बिचकतात, म्हणजे आपण बघतो ते आपल्याला बिचकलेलं जनावर. म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, चरबी बघायची, चरबीत खरं साठलेलं असतं. आक्का लक्ष देऊन ऐकत होती. माझं बोलणं संपल्यावर तिने दंडाला चिमटा घेऊन कातडी उचलून दाखवली.

"मग माजी बी बग की एकदा," ती म्हणाली. "पर हाय कुटं चरबी."

मी हसले. तीही हसली. होडीवाला मामा हसला. किनाऱ्यावर येऊन आम्ही नारळपाणी प्यालो, तिने वाळूतले शंख वेचून पदरात बांधले, आणि तो दिवस छान गेला असं मी बरीच वर्षं समजत होते. त्या वाक्यानंतर ती क्षणभर माझ्याकडे बघत थांबली होती. मी पुढे काही विचारते का, याची वाट बघत. मी विचारलं नाही. ते थांबणं आता मला रोज आठवतं.

गेल्या माघात बेळगावात माझं एक काम होतं, ते ठरल्यापेक्षा लवकर उरकलं. रविवारी येते म्हणून सांगितलं होतं आणि मी गुरुवारीच दुपारी निपाणीत उतरले. आक्काला आश्चर्याचा धक्का द्यावा, एवढाच विचार. दाराला कुलूप. मालनकाकू कट्ट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मला बघितलं, सवयीने बोलून गेल्या की वखारीत आहे ती, पाचाला सुटंल, आणि बोलल्यावर त्यांच्या हातातलं सूप थांबलं. मग त्या माझ्यासाठी चहा टाकायला आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. मी मागच्या दारी जाऊन पाहिलं. कडुलिंबाच्या खिळ्यावर तिची घरातली साडी टांगलेली होती, संध्याकाळी बदलायला.

पाचाच्या आधीच मी वखारीच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. काय काय बोलायचं त्याची मी मनात जुळवाजुळव करत होते, आणि मधेच शिंकत होते. फाटक उघडलं, बायका बाहेर पडायला लागल्या. डोक्याला फडकी, भुवयांवर तपकिरी भुकटी, सगळ्यांचे चेहरे एकाच रंगाचे. त्या घोळक्यात मधोमध एक बाई कोणाच्या तरी खांद्यावर हात टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत चालली होती. कोणी मुकादमाची नक्कल केली असावी. किती मोकळं हसतेय ही, असं माझ्या मनात आलं आणि मग मला कळलं की ती आक्का आहे. असं हसताना मी तिला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तिने मला पाहिलं. तिचं हसू जागच्या जागी थांबलं, खांद्यावरचा हात खाली आला, आणि तिने पदराने तोंड पुसायला सुरुवात केली. घाईघाईने, पुन्हा पुन्हा, जणू चार पावलांत सगळं पुसून होणार होतं. मी वळून घराकडे चालू लागले.

घरापर्यंत ती माझ्यामागे दहा पावलं अंतर ठेवून चालत आली. मी थांबले की तीही थांबायची. मागच्या दारी पाण्याचा आवाज नेहमीपेक्षा लांबला. मग ती पांढरी साडी नेसून आली आणि माझ्यासमोर बसली, शाळेत बोलावून घेतलेल्या पालकासारखी. मी शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं की का गं, कशासाठी, मी पैसे पाठवत नव्हते का. ती म्हणाली की आईची जागा होती, ती कोणाला देऊ. म्हणाली, तिथं माझी माणसं हायत, घरात बसून भिंतीशी बोलू व्हय? मी तिच्या रक्तदाबाचं बोलले, झोपेचं बोलले, वखारीने आईचं काय केलं ते बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"वखारीनं न्हाय गं दमले मी. तू येणार म्हटलं की दमायची."

मग तिने एकेक सांगितलं. माझा फोन आला की त्या रात्रीपासून झोप नाही. चार दिवस आधी खाडा, म्हणजे बोटांचा रंग थोडा तरी उतरेल. लिंबाने बोटं घासायची. घरातली चादर न् चादर धुवायची. पापड आणायचे, त्यावरचं दुकानाचं नाव काढून साध्या पुडक्यात बांधायचे. मालनकाकूंना बजावायचं. मी बोलत असताना तोंडून वखारीतल्या कोणाचं नाव जाईल म्हणून निम्मं बोलणं गिळायचं. आणि मी परत गेले की डोकं धरून निजायचं. हे सगळं वर्षातून पाच-सहा वेळा, अकरा वर्षं. ती तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती. कामाची यादी सांगावी तसं सांगत होती.

वखार चांगली नाही, हे मी आजही म्हणेन. ती भुकटी छातीत जाते, आईच्या छातीत गेली, आक्काच्याही जात असणार. पण वखारीचा हिशेब मी मांडला आणि माझा राहिला. मी तिच्याकडे होडीसारखी जात राहिले. ती बुडी मारायची, श्वास धरून खाली राहायची, आणि मी काठावरून बघून खूश व्हायचे की बघा, माझी बहीण कशी सुखात आहे. तिच्या अंगातल्या कुठल्या जनुकांनी किती चिठ्ठ्या धाडल्या असतील, कुठली डागडुजी राहून गेली असेल, हे मला कधीच कळणार नाही. माणसांत असं मोजायला बघतातही, पण आक्काचा तुकडा मी कोणाच्या हाती देणार नाही. आणि निकाल काय येईल हे मला माहीत आहे. मी त्या रात्री तिला म्हणाले की तुला हवे तितके दिवस जा, मी काही बोलणार नाही, माझा शब्द मी मागे घेतला. ती पुन्हा "बरं" म्हणाली.

त्याच "बरं"ची मला भीती वाटते. आमच्या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ताण थांबला म्हणजे सगळं लगेच पहिल्यासारखं होतं असं नाही. रक्त निवळतं. आतलं कामकाज मात्र बराच काळ तसंच चालू राहतं, जणू होडी अजून डोक्यावर आहे. किती काळ, ते प्राण्यागणिक वेगळं. काहींचं आयुष्य त्यात संपतं.

म्हणून यंदा मी आधी फोन करून नीट सांगितलं. रविवार नाही, मधल्या वारी येते. खाडा करू नकोस. पापड नकोत. तू वखारीतून ये, तशीच ये, आपण दोघी चहा पिऊ, मग आंघोळ कर. आक्का फोनवर हसली, येडी हायस म्हणाली. शिंकत शिंकत मी घरी पोचले. किल्ली मालनकाकूंकडे होती आणि यंदा त्या अजिबात लाजल्या नाहीत. मी चहाचं आधण ठेवलं, दोन कप काढले, आणि पुढचं दार सताड उघडं टाकून उंबऱ्याशी बसले.

पाच वाजून गेल्यावर ती गल्लीच्या तोंडाशी दिसली. अंगावर वखारीची साडी, डोक्याला फडकं, चेहऱ्यावर भुकटी. मला बघून ती हसली, फाटकाशी पाहिलेलं ते हसू बरंचसं ओळखू येईल असं. मी उठून दोन्ही हात पुढे केले. ती माझ्यापासून चार पावलांवर आली आणि तिथे थांबली. पाय पुढे टाकावा की नाही, असं क्षणभर तिच्या तोंडावर दिसलं. मी म्हणाले, "ये की आक्का, तशीच ये."

"आले, आले," ती म्हणाली, आणि घराला वळसा घालून मागे गेली.

चहा उकळून उकळून काळा झाला होता. मी गॅस बंद केला आणि पुन्हा उंबऱ्याशी येऊन बसले. मागच्या दारी तांब्या बादलीला आपटत होता. ती अंगावर पाणी घेत होती, थांबत होती, पुन्हा घेत होती.